पर्यटक खूश होऊन जातात, पण परत येत नाहीत : यात मनातल्या साच्यांचा वाटा किती?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुमच्या ठिकाणाबद्दल बाहेर एक पक्कं मत होऊन बसलंय : निसर्ग सुंदर, पण माणसं लबाड, पर्यटक दिसला की लुबाडणारी. तरी लोक येतात. तुम्ही आणि तुमचे दोन-तीन सहकारी जीव तोडून त्यांचं सगळं बघता. लोक समाधानाने जातात, जाताना ‘पुन्हा नक्की येऊ’ असं लिहूनही देतात. आणि परत येत नाहीत. त्या जुन्या मताचा यात हात आहे का, आणि असेल तर इतका चांगला अनुभव येऊनही ते पुसलं का जात नाही, असं तुम्ही विचारलंय.

हात आहे, आणि बराच आहे. फक्त आपण तो चुकीच्या जागी शोधतो. आपल्याला वाटतं, असं ठोकळेबाज मत माणसाला येण्यापासून अडवतं. एकदा तो आला आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की मत गळून पडतं. सहली आखण्यात आणि सहलीनंतर लोकांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मला तरी दिसलंय ते असं, की हे मत सगळ्यात जास्त काम करतं ते माणूस घरी पोचल्यावर. चांगल्या अनुभवाचं श्रेय कोणाला द्यायचं, वाईटाचा दोष कोणाच्या माथी मारायचा आणि चार लोकांत काय सांगायचं, हे ते ठरवतं. पुन्हा जाण्याचा विषय निघतो तेव्हा हाच हिशेब समोर येतो.

पण आधी काही गोष्टी बाजूला काढायला हव्यात, कारण परत न येणारा प्रत्येक माणूस नाराज नसतो. अंतर, रजा, पैसा, घरातली आजारपणं, मुलांच्या परीक्षा यांत तुमचा काहीच दोष नाही. शिवाय काहींचा स्वभावच तसा असतो. पर्यटनाचे अभ्यासक स्टॅन्ली प्लॉग यांनी १९७४ मध्ये प्रवाशांची जी मांडणी केली, तिच्या एका टोकाला सतत नव्याच्या शोधात असणारे आहेत आणि दुसऱ्या टोकाला ओळखीच्या जागीच निवांत वाटणारे. पहिल्या टोकाचा माणूस तुमच्यावर कितीही खूश असला तरी पुढच्या सुट्टीत दुसरीकडेच जाणार. तुमच्याकडे कोणत्या प्रकारचे लोक जास्त येतात आणि किती लांबून येतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या उत्तराचा बराच भाग त्यावर अवलंबून आहे. दोन तासांवरून येणारं कुटुंब आणि आयुष्यात एकदाच विमानाने येणारं जोडपं यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

‘पुन्हा नक्की येऊ’ या वाक्यावरही फार विसंबू नका. बॉब मकर्चर आणि टोनी त्से यांनी २०१२ मध्ये पर्यटकांनी बोलून दाखवलेला परतण्याचा मनोदय आणि प्रत्यक्षातल्या पुनर्भेटी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांना दोन्हींत म्हणावा असा संबंध सापडला नाही. यात लोक खोटं बोलतात असं नाही. बॅगा भरलेल्या, मन भरून आलेलं, समोर तुम्ही उभे. त्या क्षणी ते वाक्य मनापासूनच निघतं. पुढचा निर्णय मात्र काही महिन्यांनी, वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसांसमोर होतो.

तो निर्णय कशाच्या जोरावर होतो, याबद्दल एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. विर्ट्झ, क्रूगर, स्कोलन आणि डीनर या संशोधकांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुट्टीवर निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांनी आधी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, सुट्टी कशी जाईल? मग सुट्टी चालू असताना वेळोवेळी त्या-त्या क्षणी कसं वाटतंय याची नोंद करायला लावली. आणि परतल्यावर विचारलं, सुट्टी कशी गेली? अशी सुट्टी पुन्हा घ्यावीशी वाटते का, याचा अंदाज सगळ्यात चांगला आला तो मागाहून आठवलेल्या सुट्टीवरून. प्रत्यक्ष क्षणांच्या नोंदी त्या बाबतीत मागे पडल्या. आणि त्या आठवणीत आधीची अपेक्षाही मिसळलेली होती.

याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. तुम्ही दिलेला अनुभव कच्चा माल आहे. पुन्हा यायचं की नाही हे आठवण ठरवते, आणि आठवणीत अपेक्षेचा रंग उतरलेला असतो. एखाद्या ठिकाणच्या लोकांबद्दलचं ठोकळेबाज मत ही तर पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेली अपेक्षा. ती चार दिवसांत धुतली जाईल असं धरणं फारच भाबडेपणाचं होईल.

आठवणीत हा रंग कसा उतरतो, ते मी सहलीनंतर भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्रायांत पाहिलंय. असे कागद मी गठ्ठ्यांनी वाचले आहेत. ज्या ठिकाणाबद्दल आधीपासून वाईट मत असतं, तिथल्या कागदांत एका विशिष्ट घडणीचं वाक्य हटकून भेटतं. उदाहरण म्हणून : ‘आमचा ड्रायव्हर देवमाणूस होता. अशा ठिकाणी असा माणूस मिळायला नशीब लागतं.’ आणि त्याच गाडीत बसलेल्या दुसऱ्या कोणाच्या कागदावर : ‘दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले. तिथे हे चालायचंच.’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ड्रायव्हर चांगला निघाला तो त्याच्या स्वतःच्या गुणाने. दुकानदार मात्र अख्ख्या गावाच्या वतीने वागला. पहिल्या वाक्यात तर ड्रायव्हरच्या स्तुतीबरोबरच गावाची बदनामीही झाली, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

म्हणजे चांगला अनुभव अपवादाच्या खात्यात जातो आणि वाईट अनुभव पुराव्याच्या. साच्याला, म्हणजे अशा ठोकळेबाज मताला, न शोभणारी माणसं भेटली की आपण त्यांच्यासाठी मनात एक वेगळा उपगट करतो आणि मूळ साचा तसाच ठेवतो. रेनी वेबर आणि जेनिफर क्रॉकर यांनी १९८३ मध्ये हे प्रयोगांनी तपासलं. साच्याला छेद देणारी माहिती मोजक्याच माणसांत एकवटलेली असली की ती माणसं अपवाद म्हणून बाजूला काढली जातात. तीच माहिती थोडी-थोडी करून पुष्कळ माणसांत विखुरलेली असली, तर मात्र साचाच हलायला लागतो.

आता तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य पुन्हा बघा. तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमचे दोन-तीन सहकारी पाहुण्यांचं सगळं बघता. स्टेशनवरून आणायला तुम्ही, फिरवायला तुम्ही, अडचण आली तर तुम्ही, निरोपाला तुम्ही. तुमच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते : या रचनेत तुम्ही अपवाद ठरायला अगदी योग्य जागी उभे आहात. पाहुणा तुमच्यावर खूश आहे आणि गावाबद्दल त्याचं मत जिथे होतं तिथेच आहे. उलट तुम्ही त्याला गावापासून जपलंत, असंही त्याला वाटत असण्याची शक्यता आहे. पुढच्या वर्षी सुट्टीचा विषय निघाला की त्याला तुम्ही आठवाल, पण ‘तुम्ही होतात म्हणून निभावलं’ अशा तऱ्हेने आठवाल. निभावलेल्या ठिकाणी माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

यावर माझा उपाय म्हणजे पाहुण्याला अनेक साध्या माणसांच्या हाती सोपवणं. सकाळी एक जण, दुपारी दुसरा, होडीवर तिसरी, संध्याकाळी रस्ता दाखवायला शेजारचा चौथा. प्रत्येकाने असामान्य काही करायचं नाही. वेळेवर यायचं, ठरलेलं करायचं, ठरलेले पैसे घ्यायचे. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका माणसाच्या थोर वागण्यापेक्षा आठ माणसांचं साधं सरळ वागणं साच्याला जास्त धक्का देतं, कारण आठ जणांना अपवाद ठरवणं अवघड जातं. आणि ही माणसं त्या गावचीच, तिथल्या चारचौघांसारखी आहेत हे पाहुण्याला दिसायला हवं. माइल्स ह्यूस्टन आणि रुपर्ट ब्राउन यांनी १९८६ मध्ये हाच मुद्दा मांडला होता : भेटलेला माणूस त्याच्या गटाचा नमुना वाटला, तरच त्याच्याबद्दलचं चांगलं मत गटापर्यंत पोचतं. म्हणून ओळख करून देताना ‘हा आमच्याकडचा एकदम वेगळा माणूस बरं का’ असं म्हणू नका. कौतुकाच्या भरात आपण हे फार सहज बोलून जातो. ‘इथे होडी चालवणाऱ्या घरांपैकीच एक’ एवढं पुरे.

आता साचा नेमका कसला आहे, त्यावरही बरंच ठरतं. सुसान फिस्क, एमी कडी, पीटर ग्लिक आणि जुन शू यांनी २००२ मध्ये दाखवलं की आपण कोणत्याही समूहाला मुख्यतः दोन बाजूंनी जोखतो : त्यांचे हेतू चांगले आहेत का, आणि त्यांना काम जमतं का. एक आपुलकीची बाजू, दुसरी कर्तबगारीची. बहुतेक समूहांबद्दलचं मत मिश्र असतं. ‘माणसं प्रेमळ, पण कारभार ढिसाळ.’ ‘सगळं काटेकोर, पण माणसं कोरडी.’ पर्यटनातले साचेही बहुधा याच दोन घरांतले असतात.

परतण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखे नाहीत. ‘ढिसाळ’ हा शिक्का असलेल्या ठिकाणी लोक कुरकुरत का होईना, परत जाताना मी पाहिलेत. बस उशिरा आली, नळाला पाणी नव्हतं, हे सगळं दोन महिन्यांत हसून सांगण्याच्या गोष्टी होतात. ‘कोरडी माणसं’ या शिक्क्याच्या ठिकाणी लोक गरजेपुरते जातात. कामासाठी, प्रदर्शनासाठी, पुढचं विमान पकडायला. आपणहून सुट्टी घालवायला दुसऱ्यांदा जाणारे कमी. तुमचा शिक्का मात्र या दोन्हींपेक्षा कठीण आहे, कारण ‘लबाड’ म्हणजे हेतूवरच शंका. वेळेवर न आलेली बस वेळेवर आणता येते. वाईट हेतू मात्र चांगल्या वागण्यामागेही दिसू शकतो : ‘गोड बोलतोय म्हणजे नक्की काहीतरी गळ्यात मारणार.’ आपुलकी वाढवून हा संशय जात नाही, कधी-कधी बळावतो. तुमच्यासारख्या ठिकाणी गोडव्याआधी स्पष्टता लागते, असं माझं ठाम मत आहे. दर आधी लिहून दिलेले, ते सगळ्यांना सारखे, आणि ‘नको’ म्हटल्यावर मागे न लागणारी माणसं. म्हातारे आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असलेल्यांच्या बाबतीत मात्र मी वर लिहिलेलं थोडं बदलतं. तिथे कारभाराची शिस्त आपुलकीइतकीच, कधी जास्त महत्त्वाची ठरते, कारण गैरसोय हसण्यावारी नेण्याची सोय त्यांना नसते.

पाहुणा साचा घेऊन येतो तेव्हा तो स्वतःही त्याप्रमाणे वागतो, हे विसरून चालत नाही. स्टेशनबाहेरचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. बाई पर्स पोटाशी धरून उभ्या. नवरा रिक्षावाल्याला भाडं विचारतो, उत्तर ऐकून बायकोकडे बघतो, पलीकडच्या रिक्षावाल्याला तेच विचारतो, परत येऊन पहिल्याला म्हणतो, ‘खरं सांगा, किती होतात?’ रिक्षावाल्याने पहिल्यांदाच खरं सांगितलेलं असतं. तो तोंड फिरवतो, ‘बसायचं तर बसा’ म्हणतो. वाटेत एक शब्द बोलत नाही, सामान उतरवायला हात लावत नाही. बाई नवऱ्याच्या कानात म्हणतात, ‘बघितलंस? म्हणत होते ना मी.’ इथे कोणी कोणाला फसवलेलं नाही, तरी साचा खरा ठरला. समोरच्याबद्दलचं आपलं मत आपल्या वागण्यातून समोरच्याकडून तसंच वागणं काढून घेतं. मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँक आणि एलेन बर्शाइड यांनी १९७७ मध्ये फोनवरच्या संभाषणांतून हे दाखवून दिलं. एक छायाचित्र दाखवून पलीकडची स्त्री सुंदर आहे असा समज करून दिलेल्या पुरुषांशी बोलताना त्या स्त्रियाही अधिक मोकळ्या, अधिक लाघवी वागल्या, आणि पुरुषांना कोणाचं छायाचित्र दाखवलंय याची त्यांना कल्पनाही नव्हती.

म्हणून आल्यानंतरचा पहिला तास मी सगळ्यात जास्त जपते. पहिल्या तासात पाहुण्याला घासाघीस करावी लागू नये, संशय घ्यायला जागाच राहू नये, एवढं जरी साधलं तरी पुढच्या चार दिवसांत तो वेगळा वागतो. आणि तो वेगळा वागला की गावही त्याच्याशी वेगळं वागतं.

कोणी म्हणेल, एवढं सगळं कशाला, माणसं माणसांना भेटली की गैरसमज आपोआप दूर होतात. यात तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये हा विचार मांडला, आणि थॉमस पेटिग्रू व लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा समूहांच्या परस्परसंपर्काने पूर्वग्रह कमी होतात असंच सरासरीने दिसलं. पण ऑलपोर्ट यांनी अनुकूल परिस्थितीही सांगितली होती : दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, सहकार्य हवं, व्यवस्थेचा पाठिंबा हवा. पर्यटनातल्या बहुतेक भेटींत यातलं काय असतं? एक पैसे देणारा, दुसरा घेणारा. एक सुट्टीवर, दुसरा कामावर. भेट पाच मिनिटांची, आणि पुन्हा गाठ पडायची नाही. १९९० मध्ये मिलमन, रायशेल आणि पिझाम यांनी इजिप्तला जाऊन आलेल्या इस्रायली पर्यटकांचा अभ्यास केला, १९९२ मध्ये अनास्तासोपूलोस यांनी तुर्कस्तानला जाऊन आलेल्या ग्रीक पर्यटकांचा. दोन्हीकडे प्रवासाने मतं सुधारली असं चित्र निघालं नाही. काही बाबतींत ती आणखी खालावली. जुन्या वैराची पार्श्वभूमी असलेले देश आहेत हे खरं, तुमच्याकडे तितकं टोकाचं नसेल. पण नुसतं येऊन गेल्याने मत सुधारतं, हा समज या अभ्यासांनी माझ्यापुरता तरी संपवला.

मी घरच्या गप्पांचा उल्लेख वर केला, तो जरा उलगडते, कारण पर्यटनाच्या व्यवसायात याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पाहुणा घरी पोचतो. शेजारी, सासरचे, ऑफिसातले विचारतात, ‘काय, नीट आलात ना? तिथले लोक म्हणे फार…’ ऐकणाऱ्यांच्या मनात साचा आहेच. आता सांगणारा काय सांगेल? ज्या गोष्टीला माना डोलतील तीच तो रंगवून सांगतो. सरळ वागलेल्या सात माणसांची गोष्ट होत नाही. सुटे पैसे कमी दिलेल्या दुकानदाराची होते. टोरी हिगिन्स आणि विल्यम र्‍होल्स यांनी १९७८ मध्ये दाखवलं की ऐकणाऱ्याच्या मताला धरून आपण एखाद्याचं वर्णन केलं, तर पुढे आपली स्वतःची आठवणही त्याच बाजूला झुकते. म्हणजे दुकानदाराची गोष्ट चौथ्यांदा सांगून होईपर्यंत ती पाहुण्याच्या आठवणीतही मोठी झालेली असते. गावातून निघताना होती त्याहून कितीतरी मोठी.

यावर उपाय एकच दिसतो : पाहुण्याला सांगण्याजोगी दुसरी गोष्ट द्यायची. मोठा कार्यक्रम नको, देखावा तर नकोच. ज्यात गावातल्या माणसाबरोबर त्याने स्वतः काहीतरी केलंय, असं काही. सकाळी जाळं ओढायला हात लावला, वाट चुकल्यावर शाळेतल्या मुलांनी सोबत केली, दोरी वळायला शिकला आणि जमली नाही. अशा गोष्टीत समान दर्जा आणि एकत्र काम, हे ऑलपोर्ट यांचे दोन्ही मुद्दे आपसूक येतात. आणि ती घरी सांगता येते, कारण तिच्यात सांगणाराही असतो.

अनुकूल साच्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो भाग सोडला तर उत्तर अर्धवट राहील. ‘स्वर्गासारखं ठिकाण’, ‘प्रेमाचं शहर’, ‘भोळीभाबडी माणसं’ असे शिक्के पहिल्या भेटीसाठी फायद्याचे असतात. दुसऱ्या भेटीला तेच आड येतात, आणि दोन तऱ्हांनी. एक म्हणजे अपेक्षाभंग. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये समाधानाची जी मांडणी केली, तिच्यात समाधान अपेक्षा आणि अनुभव यांच्यातल्या अंतरावर बेततं. अपेक्षा आभाळाला टेकलेली असेल तर चांगला अनुभवही तोकडा पडतो. पॅरिसबद्दलच्या स्वप्नाळू कल्पना घेऊन गेलेल्या काही मोजक्या जपानी प्रवाशांना तिथे गेल्यावर इतका मानसिक धक्का बसला, की तिथे काम करणारे मनोविकारतज्ज्ञ हिरोआकी ओता यांनी १९८० च्या दशकात त्याची वेगळी दखल घेतली. अशी उदाहरणं विरळा, पण दिशा तीच.

दुसरी तऱ्हा मला जास्त घातक वाटते, कारण तिच्यात नाराजी नसतेच. ठिकाण एकाच चित्रापुरतं उरतं. तो एक कडा, तो एक किनारा, तो एक सूर्यास्त. पाहुणा येतो, चित्रात होतं ते जसंच्या तसं बघतो, फोटो काढतो, पूर्ण समाधानी होतो, आणि त्याच्या दृष्टीने ठिकाण संपतं. रिचर्ड गिटेलसन आणि जॉन क्रॉम्प्टन यांनी १९८४ मध्ये लोक त्याच ठिकाणी पुन्हा का जातात याची कारणं शोधली : फसगत होण्याची भीती कमी, आपल्यासारखी माणसं भेटण्याची खात्री, जागेचा जिव्हाळा, गेल्या वेळी राहून गेलेलं बघणं, आणि आपल्या माणसांना ते ठिकाण दाखवणं. यातलं एकही कारण प्रसिद्ध चित्रातून येत नाही. राहून गेलेलं काहीतरी असावं लागतं. म्हणून मी पहिल्याच सहलीत सगळं दाखवण्याचा अट्टहास करत नाही. ‘पावसाळ्यात हाच ओढा वेगळा दिसतो’ एवढं नुसतं सांगितलेलं पाहुणा लक्षात ठेवतो.

आणखी एक बाजू थोडक्यात. पाहुण्याच्या मनात तुमच्याबद्दल साचा असतो तसा, तुमच्या मनात त्याच्याबद्दल कोणता साचा आहे याचाही त्याला अंदाज असतो. ‘हे आपल्याकडे पैशांचं पाकीट म्हणूनच बघतात’ असं एकदा वाटलं की साधी विचारपूसही त्याला टोचते. जॅकी व्होराउअर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या प्रकारच्या समजांचा अभ्यास केला आहे. तुमच्या माणसांशी बोलून बघा. अमुक भागातले पर्यटक चिकट, तमुक ठिकाणचे आरडाओरडा करणारे, असं मागच्या बाजूला बोललं जात असेल तर ते पुढच्या बाजूला चेहऱ्यावर दिसतं. हे मी अनेक ठिकाणी बघितलंय आणि त्याची फार खंत वाटते, कारण हे पूर्णपणे आपल्या हातात असतं.

जाहिरातीबद्दल तुम्ही विचारलंय : ‘आमच्याकडे फसवणूक होत नाही’ असं लिहावं का? माझं उत्तर, नको. ज्याने कधी ऐकलं नव्हतं त्यालाही तुम्ही ते ऐकवाल. साच्याला थेट हात घालून यश मिळवणारी उदाहरणं आहेत. हिंसाचाराचा शिक्का बसलेल्या कोलंबियाने २००० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या मोहिमेचं घोषवाक्य होतं, की धोका एकच, तुम्हाला इथेच राहावंसं वाटेल. धाडसी होतं आणि लोकांच्या लक्षात राहिलं. पण त्या काळात तिथली सुरक्षितता खरोखर सुधारत होती. आधी बदल, मग घोषणा. तुमच्याकडे रिक्षा आणि दुकानं यांचे लेखी दर अजून लागलेले नसतील, तर घोषणेचे पैसे आधी तिकडे वळवा.

तुमच्या जागी मी असते तर सुरुवात जुन्या अभिप्रायांपासून केली असती. सगळे कागद काढा आणि स्तुतीची वाक्यं दोन रकान्यांत लिहा : माणसाची स्तुती एकीकडे, गावाची दुसरीकडे. तक्रारींचंही तसंच करा. स्तुती माणसांच्या रकान्यात आणि तक्रारी गावाच्या रकान्यात साठत असतील, तर साचा शाबूत आहे हे कळेल, मग गुण कितीही चांगले पडलेले असोत. निघताना ‘पुन्हा याल का?’ हा प्रश्न विचारायचा तर विचारा, पण त्याच्या उत्तरावर पुढच्या हंगामाचं गणित मांडू नका. त्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी काही पाहुण्यांना फोन करा आणि विचारा, ‘घरी गेल्यावर लोकांना आमच्या गावाबद्दल काय सांगितलंत?’ पाहुणा जी पहिली गोष्ट सांगेल, ती शब्दशः लिहून ठेवा. तिच्यात गावातली किती माणसं आली आणि ती नावानिशी आली की ‘तिथले लोक’ म्हणून, हे बघा. त्यावरून पुढे काय करायचं ते ठरवता येईल. पाहुणे किती अंतरावरून येतात तेवढं कळवलंत, तर पहिल्या तासाची आखणी कशी करावी हे मी आणखी नेमकं लिहू शकेन.